ते दोन आकडे मला का दिसत नाहीत?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: शाळेत शिकणाऱ्या एका मुलीने लिहिलं आहे. वर्गसमीकरणांचा धडा सुरू झाला आणि तिची गणिताशी कट्टी झाली. ‘गुणाकार अमुक आणि बेरीज तमुक येईल अशा दोन संख्या शोधा’ म्हटलं की शेजारच्या मैत्रिणीला त्या चुटकीसरशी सापडतात, हिला चाचपडत बसावं लागतं. शिक्षक म्हणतात, ‘बघितल्याबरोबर दिसलं पाहिजे.’ मोठा भाऊ म्हणतो, ‘अवयव-बिवयव सोड, सूत्र पाठ कर, कुठलंही गणित सुटतं.’ त्यातच चाचणीत (क्ष − १)(क्ष − ४) = १० हे समीकरण आलं. तिने १० म्हणजे ५ गुणिले २ असं धरलं, क्ष − १ = ५ आणि क्ष − ४ = २ लिहिलं, दोन्हींकडून क्ष = ६ आलं. पडताळाही जुळला. तरी निम्मे गुण गेले. ‘उत्तर बरोबर असून गुण का कापले? मला गणिताचं डोकंच नाही का? सूत्रच धरून बसू का? आणि परीक्षेत नेमकं काय करू?’ असे तिचे प्रश्न आहेत.

प्रिय मैत्रिणी,

त्या कापलेल्या गुणांपासूनच सुरुवात करू. तुझ्या चारही प्रश्नांची उत्तरं त्या एका गणितात आहेत.

मला आधी एक सांग, १० चे अवयव तू ५ आणि २ असेच का घेतलेस? १० आणि १ का नाही घेतलेस? कदाचित घेऊनही पाहिले असशील. तसं केलं तर क्ष − १ = १० वरून ११ येतात आणि क्ष − ४ = १ वरून ५ येतात. दोन उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून तू ती जोडी सोडून दिलीस आणि पुढची घेतलीस. किंवा तुझ्या लगेच लक्षात आलं असेल की क्ष − १ हा क्ष − ४ पेक्षा नेहमीच ३ ने मोठा असणार, म्हणून ३ चा फरक असलेली जोडी हवी. दोन्हींपैकी काहीही झालं असो, गुणाकार १० आणि फरक ३ अशा दोन संख्या तू स्वतः शोधून काढल्यास. अवयव पाडताना याहून वेगळं काही करावं लागत नाही. जे जमत नाही म्हणून तू एवढं लांबलचक पत्र लिहिलंस, ते तू त्याच पत्रात करून दाखवलं आहेस.

मग गुण का गेले? कारण −२ आणि −५ यांचा गुणाकारही १० च येतो आणि त्यांच्यातही ३ चाच फरक आहे. क्ष − १ = −२ घेतलं तर क्ष = −१, आणि क्ष − ४ = −५ घेतलं तरी क्ष = −१. समीकरणाची मुळं, म्हणजे क्ष च्या ज्या किमतींनी ते खरं ठरतं त्या, दोन होती; तुझ्या हाती एकच लागलं. तपासणाऱ्याने निम्मे गुण दिले, हे मला तरी रास्तच वाटतं.

पण चूक एवढीच नाही. समज, उजवीकडे १० च्या जागी ९ असते, तर? ९ आणि १ यांच्यात फरक ८ चा, ३ आणि ३ यांच्यात शून्याचा. तू शोधत राहिली असतीस आणि काही हाती लागलं नसतं. उत्तरं मात्र आहेत, फक्त ती पूर्णांकांत नाहीत. १० ही संख्या ४ गुणिले अडीचनेही होते, २० गुणिले अर्ध्यानेही होते. अशा जोड्यांना अंत नाही. एखाद्या गुणाकाराचं उत्तर १० आहे एवढ्यावरून गुणल्या गेलेल्या संख्यांबद्दल पक्कं काहीच सांगता येत नाही.

शून्याचं तसं नाही. दोन संख्यांचा गुणाकार शून्य आला, तर त्यांतली निदान एक तरी शून्य असलीच पाहिजे. तिथे पळवाट नाही. अवयव पद्धत उभी आहे ती या एका गोष्टीवर. ‘सगळी पदं डावीकडे घ्या, उजवीकडे शून्य ठेवा’ हे वाक्य वर्गात इतक्यांदा कानावर पडतं की ती नीटनेटक्या मांडणीची सूचना वाटू लागते. प्रत्यक्षात शून्य नसेल, तर कंस सुटे करायचा अधिकारच आपल्याला मिळत नाही. तुझं गणित असं सोडवायचं होतं: कंस उलगडून क्ष² − ५क्ष + ४ = १०, मग क्ष² − ५क्ष − ६ = ०, मग (क्ष − ६)(क्ष + १) = ०. आता क्ष = ६ किंवा क्ष = −१, आणि तिसरं काही शिल्लक राहिलं असेल ही शंकाच नाही.

याच कुळातली आणखी एक चूक आहे. क्ष² = ९क्ष दिसलं की पुष्कळ जण दोन्ही बाजूंना क्ष ने भागून मोकळे होतात आणि ९ लिहितात. क्ष शून्य असू शकतो, आणि शून्याने भागता येत नाही. एकीकडे घेऊन क्ष(क्ष − ९) = ० असं लिहिलं की ० आणि ९ दोन्ही मुळं समोर येतात.

आता ‘दिसण्या’बद्दल. तुझ्या शिक्षकांचा हेतू चांगला असेल, पण ‘बघितल्याबरोबर दिसलं पाहिजे’ हे वाक्य मला पटत नाही. ज्यांना दिसतं, त्यांना ती जोडी याआधी अनेकदा भेटलेली असते. ७२ आणि १७ म्हटल्यावर तुझ्या मैत्रिणीच्या तोंडून ‘आठ-नऊ’ निघतं, कारण ती जोडी तिच्या हाताखालून गेली आहे. ती दिव्यदृष्टी नव्हे. आणि जिला दिसत नाही तिच्यासाठी अंधारात तीर मारणं हा एकच मार्ग उरतो असंही नाही. शोधायची एक सरळ रीत आहे, आणि ती ठरावीक पायऱ्यांत संपते.

क्ष² − १७क्ष + ७२ = ० हेच घे. कागदाच्या कडेला ७२ च्या जोड्या एकापासून क्रमाने लिही: १ व ७२, २ व ३६, ३ व २४, ४ व १८, ६ व १२, ८ व ९. पाचाने आणि साताने भाग जात नाही, म्हणून त्या जोड्या नाहीत. आठाच्या पुढे जायचं कारण नाही, कारण नवापासून त्याच जोड्या उलट्या येतात. थांबायचं कुठे हे ७२ चं वर्गमूळ सांगतं आणि ते साडेआठच्या आसपास आहे. म्हणजे जास्तीत जास्त आठ आकडे तपासायचे. एवढंच तुझं ‘चाचपडणं’.

आता प्रत्येक जोडीसमोर तिची बेरीज लिही: ७३, ३८, २७, २२, १८, १७. बेरीज कशी सतत उतरत गेली ते बघ. जोडीतल्या संख्या जसजशा जवळ येतात तसतशी बेरीज घटते. त्यामुळे हवी असलेली बेरीज मोठी असेल तर यादीच्या वरच्या टोकाला बघायचं, लहान असेल तर खालच्या. आपल्याला १७ हवे आहेत, ते अगदी तळाशी आहेत. स्थिरपद (ज्यात क्ष नाही ते पद) अधिक आहे म्हणजे दोन्ही संख्या एकाच चिन्हाच्या, मधलं पद उणे आहे म्हणजे दोन्ही उणे. (क्ष − ८)(क्ष − ९) = ०. झालं.

स्थिरपद उणे असेल तर हीच यादी, फक्त बेरजेच्या जागी फरक: ७१, ३४, २१, १४, ६, १. क्ष² + ६क्ष − ७२ = ० मध्ये ६ चा फरक हवा, तो १२ आणि ६ यांचा. चिन्हं वेगवेगळी असणार, आणि मोठ्या संख्येला मधल्या पदाचं चिन्ह मिळतं. म्हणून (क्ष + १२)(क्ष − ६) = ०.

या यादीचा मला सगळ्यांत आवडणारा उपयोग मात्र निराळाच आहे. क्ष² + २०क्ष + ७२ = ० आलं तर? बेरीज २० हवी. यादीत २२ आहेत, त्यानंतर थेट १८. मध्ये काही नाही. बेरजा उतरत्या क्रमानेच येतात हे ठाऊक असल्यामुळे आता तू ठामपणे म्हणू शकतेस की या समीकरणाचे पूर्णांकांत अवयव पडतच नाहीत. ‘मला सापडले नाहीत’ आणि ‘नाहीतच’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुझी निम्मी घालमेल मला वाटतं याच एका गोष्टीची आहे, की सापडत नसलं की दोष आपलाच, असं तू गृहीत धरतेस.

तो दोष पुष्कळदा समीकरणाचा असतो. एक हिशोब करून बघ. क्ष² + बक्ष + क = ० या रूपात ब आणि क या दोन्हींच्या जागी १ ते १० मधली कुठलीही पूर्ण संख्या घालायची. अशी एकूण १०० समीकरणं होतात. त्यांतल्या फक्त १४ समीकरणांचे पूर्णांकांत अवयव पडतात. विश्वास ठेवू नकोस, मोजून बघ, सरावही होईल. पाठ्यपुस्तकातली बहुतेक सगळी समीकरणं नीट सुटतात, कारण लिहिणाऱ्याने आधी कंस ठरवलेले असतात आणि मग ते गुणून समीकरण बनवलेलं असतं. त्यावरून प्रत्येक वर्गसमीकरणाचे अवयव पडतात अशी समजूत करून घेणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं.

इथे तुझ्या भावाचं म्हणणं विचारात घ्यायला हवं. त्याचं अर्धं बरोबर आहे. सूत्र, म्हणजे अक्ष² + बक्ष + क = ० साठी क्ष = (−ब ± √(ब² − ४अक)) ÷ २अ, प्रत्येक वेळी चालतं, अवयव पद्धत दर वेळी चालत नाही. आणि सूत्रातला एक तुकडा तर अवयव पाडणाऱ्यालाही फार उपयोगी पडतो, तो म्हणजे विवेचक. मधल्या सहगुणकाचा, म्हणजे क्ष च्या आधीच्या आकड्याचा, वर्ग घ्यायचा आणि त्यातून पहिला सहगुणक व स्थिरपद यांच्या गुणाकाराची चौपट वजा करायची. सहगुणक पूर्णांक असताना उत्तर पूर्ण वर्ग आलं तर अवयव नक्की पडतात, नाही आलं तर पूर्णांकांत शोधणं व्यर्थ. मघाच्या क्ष² + २०क्ष + ७२ = ० मध्ये ४०० − २८८ = ११२. तो पूर्ण वर्ग नाही, म्हणजे यादीने जे सांगितलं तेच याने एका ओळीत सांगितलं.

पण ‘अवयव सोडच’ हे त्याचं म्हणणं मी मान्य करणार नाही. सूत्र तुला मुळं देतं आणि थांबतं. समीकरणाची रचना कंसांत दिसते. पुढे बैजिक अपूर्णांकांना संक्षिप्त रूप द्यायचं असेल किंवा एखादी राशी कुठे धन आणि कुठे ऋण आहे ते ठरवायचं असेल, तर कामाला येतात ते अवयवच. शिवाय सूत्र वापरताना चिन्हांच्या चुका काही कमी होत नाहीत. मधलं पद उणे असताना ‘उणे ब’ चं चिन्ह बदलायला विसरणं ही तर नेहमीची गोष्ट. सूत्र पाठ असू दे, पण आकडे शोधायची धास्ती वाटते म्हणून त्याच्या आड लपू नकोस.

क्ष² च्या आधी सहगुणक असेल तेव्हा खरी तारांबळ उडते, म्हणून तिथे जरा थांबू. ६क्ष² + क्ष − १२ = ० घे. विवेचक १ + २८८ = २८९, म्हणजे १७ चा वर्ग. अवयव पडणार हे नक्की. आता ६ आणि −१२ यांचा गुणाकार −७२, पुन्हा आपली तीच यादी. फरक १ हवा, म्हणजे ९ आणि ८. मधलं पद फोडायचं: ६क्ष² + ९क्ष − ८क्ष − १२. पहिल्या दोन पदांतून ३क्ष काढला की ३क्ष(२क्ष + ३). पुढच्या दोनांतून −४ काढला की −४(२क्ष + ३). इथेच पाय घसरतो: −१२ मधून −४ काढल्यावर आत +३ उरतात, आणि घाईत −३ लिहिले जातात. पण बघ, दोन्ही कंस सारखेच यायला हवेत. नाही आले तर चूक तिथल्या तिथे पकडली जाते. अशी आपोआप वाजणारी घंटा सूत्रात नाही. शेवटी (२क्ष + ३)(३क्ष − ४) = ०, आणि मुळं −३/२ व ४/३.

९क्ष आधी लिहू की −८क्ष, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. काहीही आधी लिही, कंस तेच येतात.

६ आणि −१२ यांचा गुणाकारच का करायचा, हे कोणी सांगितलं नसेल तर तेही पाहून टाक. शेवटचे दोन कंस परत गुण: २क्ष गुणिले −४ म्हणजे −८क्ष, ३ गुणिले ३क्ष म्हणजे ९क्ष. मधलं पद या दोन तुकड्यांचं बनलं आहे. त्यांच्या सहगुणकांचा गुणाकार केला तर त्यात २, −४, ३, ३ हे चारही आकडे येतात. ६ आणि −१२ यांच्या गुणाकारातही तेच चार आकडे आहेत, फक्त जोड्या वेगळ्या. म्हणून तो −७२. युक्ती पाठ करण्यापेक्षा हे एकदा हाताने करून बघितलेलं बरं.

आणि यादी करायचाच कंटाळा आला तर न शोधताही त्या दोन संख्या काढता येतात. बेरीज १७ आणि गुणाकार ७२ असेल तर दोघींचा मध्य साडेआठ. एक त्याच्या जितकी वर, दुसरी तितकीच खाली. साडेआठचा वर्ग ७२.२५, त्यातून ७२ वजा केले की ०.२५ उरतात, त्याचं वर्गमूळ ०.५. म्हणून ९ आणि ८. बेरीज आणि गुणाकार दिल्यावर दोन संख्या अशा काढायची रीत सुमारे ३८०० वर्षांपूर्वीच्या बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर सापडते, आणि २०१९ मध्ये अमेरिकेतले गणितज्ञ पो-शेन लो यांनी तिच्याच आधारे वर्गसमीकरण शिकवण्याची पद्धत मांडली तेव्हा तिची पुन्हा बरीच चर्चा झाली. अवयव पडत नसतील तेव्हाही ही रीत चालते, वर्गमूळ तेवढं वाकडं येतं.

तू −१ हे मूळ गमावलंस, म्हणून मुळं स्वीकारण्या-नाकारण्याबद्दलही लिहितो. उत्तर उणे आलं की खोडून टाकायची सवय अनेकांना लागते. बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात वानरांचं एक उदाहरण आहे. कळपाचा पाचवा भाग घेऊन त्यातून ३ वजा केले, उरले त्याचा वर्ग केला, तितकी वानरं गुहेत गेली. एक फांदीवर दिसतं आहे. तर एकूण किती? मांडणी केली की क्ष² − ५५क्ष + २५० = ० येतं. गुणाकार २५०, बेरीज ५५: (क्ष − ५०)(क्ष − ५) = ०. उत्तर ५० किंवा ५. भास्कराचार्य ५ नाकारतात, कारण ५ चा पाचवा भाग १, आणि त्यातून ३ वजा केले तर उणे २ उरतात. इतकी वानरं कशी असतील? लक्षात घे, नाकारलेलं मूळ धन आहे. आणि तुझ्या चाचणीत ऋण मूळ ठेवायचं होतं, कारण तिथे नुसतं समीकरण होतं, त्याला वानरांचं बंधन नव्हतं. मूळ ठेवायचं की सोडायचं हे प्रश्नातल्या वस्तूवरून ठरतं, चिन्हावरून नाही.

राहिला परीक्षेचा प्रश्न. प्रश्नातच ‘अवयव पद्धतीने’ असं लिहिलं असेल तर अवयवच पाड, तिथे सूत्राने आलेलं बरोबर उत्तरही पूर्ण गुण मिळवून देईल याची खात्री नाही. पद्धत तुझ्यावर सोडली असेल तर आधी उजवीकडे शून्य आण, मग सगळ्या पदांत काही सामाईक निघतंय का बघ, आणि कच्च्या कामाच्या जागेत विवेचक काढ. पूर्ण वर्ग आला तर यादी कर, नाही आला तर एक मिनिटही न घालवता सूत्राकडे वळ. आकडे फार मोठे असले तर विवेचक पूर्ण वर्ग असूनही सूत्र वापरायला हरकत नाही. शेवटी दोन्ही मुळं मूळ समीकरणात घालून बघ. पडताळा तू केलास हे चांगलंच होतं, पण हातात असलेलं मूळ खरं आहे एवढंच तो सांगतो, दुसरं राहून गेलं का ते नाही.

सरावासाठी उलटी वाट धर. आज स्वतः दोन कंस लिही, ते गुणून समीकरण बनव आणि कंस झाकून ठेव. दोन-तीन दिवसांनी तेच समीकरण सोडव. कंस गुणताना मधलं पद कसं तयार होतं हे हाताला कळलं की ते फोडताना बावचळायला होत नाही. मैत्रिणीशी वेळेची शर्यत सध्या नको. २४, ३६, ४८, ६०, ७२ या संख्यांच्या जोड्यांच्या याद्या एकदा करून वहीच्या मागच्या पानावर ठेव, शाळेच्या गणितांत या संख्या वारंवार येतात.

सुरुवातीला ही चार घे, चारही ४८ वर बेतलेली आहेत: क्ष² − १४क्ष + ४८ = ०, क्ष² + २क्ष − ४८ = ०, क्ष² + १५क्ष + ४८ = ० आणि ६क्ष² + १४क्ष + ८ = ०. शेवटच्यात आधी २ सामाईक काढलेस तर पुढचं काम फारच हलकं होईल. उरलेल्या तिघांतल्या एकाचे पूर्णांकांत अवयव पडत नाहीत. ते कुठलं, हे यादीवरून ओळख आणि मग विवेचक काढून खात्री कर.